कोलनची काकवी

"आधी खाऊन घेऊ," पद्माकर म्हणाले. "बाकीचं मग बोलू."

कोलन स्टेशनच्या बाहेर आम्ही उभे होतो. समोर ते अवाढव्य चर्च, धुरानं काळं पडलेलं. ऑक्टोबर संपत आला होता. माझ्या अंगात सासूबाईंनी विणलेला स्वेटर आणि हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मिरजेपासून तो मी मांडीवर घेऊन आले होते. पद्माकर मला घ्यायला फ्रँकफर्टच्या विमानतळावर आले होते आणि तिथून कोलनपर्यंत गाडीत ते फक्त थंडीबद्दल बोलले. यंदा लवकर पडली, पायमोजे दोन-दोन घाल, कान झाकत जा.

"मामंजींनी सांगितलंय..." मी म्हटलं.

"कळलं गं. आधी खाऊ. भूक नाही लागली?"

भूक लागली होती की नाही, ते मला कळत नव्हतं. मी मान हलवली.

स्टेशनच्या कडेला एका गाड्यावर एक जाडजूड बाई मोठ्या कढईत किसलेल्या बटाट्याची धिरडी तळत होती. पद्माकरांनी तिला बोटांनी दोन दाखवली आणि बराच वेळ काहीतरी समजावलं. तिनं बाजूच्या वेगळ्या भांड्यातलं पीठ घेतलं.

"अंड्याशिवाय करून देते ती," ते म्हणाले. "विचारून ठेवलंय."

धिरड्यासोबत तिनं सफरचंदाचा मऊ शिजवलेला गर दिला. तळलेला बटाटा आणि वर गोड गर. आम्ही उभ्यानंच खाल्लं. पद्माकर माझ्याकडे बघत होते.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"उपासाच्या थालीपिठासारखं लागतं ना?"

"हो."

खरं म्हणजे कशासारखंच लागत नव्हतं. तोंडात गरम काहीतरी होतं आणि मी ते गिळत होते, एवढंच. पाच वर्षांनी नवऱ्यासमोर उभी होते. रडू येईल असं सासूबाई म्हणाल्या होत्या, म्हणून मी पदराला जास्तीचा रुमाल खोचून आणला होता. तो तसाच घडी केलेला राहिला.

आमचं लग्न झालं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. वर्षही पुरतं झालं नव्हतं, तोच पद्माकरांना जर्मनीला यंत्रांच्या कारखान्यात शिकायला जायची संधी मिळाली. दोन वर्षांसाठी म्हणून गेले ते तिथंच नोकरीला लागले. आधी दर आठवड्याला पत्र येई, मग महिन्याला, मग दिवाळीला. 'पुढच्या वर्षी नक्की' हे शब्द प्रत्येक पत्रात असत. मी सासरीच राहिले. सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, सकाळी पेपर वाचून दाखवायचा, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक. संध्याकाळी दिवा. मुलगा कधी येणार असं कुणी विचारलं, की मामंजी म्हणायचे, "यायचंय त्याला, कामातून सुटका व्हायला हवी ना!"

शेवटी त्यांनीच मला पाठवायचं ठरवलं. मिरज स्टेशनवर गाडी सुटताना खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "कुमुद, त्याला घेऊनच ये. मी लिहिलं तर तो ऐकत नाही. तू समोर उभी राहिलीस, की ऐकेल."

माझी आई भावाकडे राहत असे. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले. वहिनी आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "एकटी परत आलीस तर कुठं राहायचं, ते जाण्याआधीच ठरव बाई. मला इथं माझीच जागा पुरत नाही."

ते मी ठरवलं नव्हतं. ठरवायचं कसं, तेच माहीत नव्हतं.

माझी सोय पद्माकरांनी स्टेशनजवळच्या एका लहानशा लॉजमध्ये केली होती. त्यांच्या खोलीवर बायकांना मनाई आहे, घरमालकीण फार कडक आहे, असं ते म्हणाले. कारखान्यात पाळी आहे म्हणून रोज दुपारी यायचे आणि दिवेलागणीला जायचे. मी विचारलं नाही. कॉटवर बसून खिडकीतून रेल्वेचा पूल बघत असे. गाड्या सारख्या जात-येत. लाडवांचा डबा त्यांनी पहिल्याच दिवशी नेला.

पण खाण्याच्या बाबतीत ते वेगळेच माणूस झाले होते. मिरजेला असताना पानात काय आहे तेही न बघता जेवणारा हा माणूस. आता दारात उभे राहिले की म्हणायचे, "चल, आज तुला एक छान जागा दाखवतो." एकदा केकच्या दुकानात नेलं. तिथं पांढऱ्या केसांच्या बायका टोप्या घालून कॉफी पीत बसल्या होत्या आणि काचेच्या कपाटात देवघरातल्यासारखे केक मांडून ठेवले होते. एकदा स्टेशनमागच्या गल्लीत तुर्की माणसाच्या खानावळीत नेलं. त्यानं मसुराची आमटी आणि लिंबाची फोड आणून ठेवली आणि छातीवर हात ठेवून मला काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, ही माझ्या आईची रीत आहे," पद्माकरांनी सांगितलं.

"तुम्ही नेहमी येता इथं?"

"छे, पहिल्यांदाच. कारखान्यातल्या लोकांनी सांगितलं. म्हणाले, तुझी बायको मांस खात नाही ना, मग इथं घेऊन जा."

"बरेच दिसतात तुमच्या कारखान्यातले लोक."

"आहेत चांगले."

आमटीला मोहरी-हिंगाची फोडणी नव्हती, पण मसूर तो मसूर. मी वाटी संपवली. पानात टाकायचं नाही ही लहानपणापासूनची शिस्त. त्यानं पुन्हा भरली. पुन्हा संपवली. मग तो आणखी घेऊन आला, तेव्हा पद्माकर हसून म्हणाले, "अगं, थोडी उरव. इथं वाटी रिकामी दिसली, की त्यांना वाटतं, पोट भरलं नाही."

"मामंजींना काय सांगू?" मी विचारलं.

हसू थांबलं. त्यांनी लिंबाची फोड उचलली, पिळलेलीच होती, पुन्हा पिळली. "बोलू ना. निवांत बोलू. हे काय बोलायचं ठिकाण आहे का?"

मग एक दिवस आम्ही ट्रामनं नदीपलीकडे गेलो. ऱ्हाइन नदी आमच्या कृष्णेच्या तिप्पट रुंद, आणि तिच्यावरून कोळशाचे लांबलचक पडाव चाललेले. पडावाच्या मागच्या टोकाला घर, घराच्या खिडकीला पडदे, दोरीवर वाळत घातलेले कपडे. ते मात्र मी बघत राहिले. संसार पाण्यावर चालला होता.

पलीकडे शेतांच्या कडेला एक खाण्याची जागा होती. लाकडी बाकं, एक म्हातारा आणि त्याची बायको. म्हातारीनं काळ्या पावाचे जाड काप आणले, लोणी आणलं आणि मातीच्या बुडकुल्यात काळंभोर, दाट असं काहीतरी. पद्माकरांनी चमच्यानं ते पावावर ओतलं. तार धरून पडलं.

मी एक घास घेतला आणि थांबले.

"अहो, ही काकवी आहे!"

"साखरेच्या बिटाची. इथं ऊस कुठला? पण करतात तशीच. रस आटवून."

"काकवीच आहे हो!"

आणि मला हसू आलं. मिरजेहून निघाल्यापासून पहिल्यांदा मला कशाची तरी चव कळली. मामांच्या गुऱ्हाळात आम्ही पोरं कढईच्या कडेची काकवी बोटांनी चाटायचो, तीच किंचित कडवट गोडी. मी भराभर खाल्लं. दुसरा काप घेतला. तिसराही. हनुवटीवर ओघळ आला. पद्माकरांनी रुमालाचं टोक ग्लासातल्या पाण्यात बुडवलं, बोटावर गुंडाळलं, आणि माझी मान किंचित वर करून हनुवटी पुसली. हलक्या हातानं, दोनदा. मग रुमालाचं कोरडं टोक फिरवलं.

लग्नानंतर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मला वाटलं, झालं. आता हे येतील.

"येणार ना माझ्याबरोबर?" मी विचारलं.

ते नदीकडे बघत होते. "जायच्या दिवशी सगळं बोलू," म्हणाले. "एक छान जागा आहे शहरात, तिथं जेवू आणि बोलू. मी कबूल करतो."

त्या संध्याकाळी लॉजवर मी पिशवी आवरायला घेतली. त्यांच्या दोन सदऱ्यांना पुरेल एवढी जागा ठेवली.

जायच्या दिवशी दुपारी पाऊस आणि वारा एकदम सुरू झाला. ठरलेल्या जागी पोचलो, तर तिथं कुणाचं तरी लग्न लागलं होतं. आत पाय ठेवायला जागा नाही. आम्ही दारातून परत फिरलो. माझी साडी घोट्यापर्यंत भिजली होती. पद्माकर फूटपाथवर क्षणभर थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चल, जवळच आहे एक." आणि भरभर चालू लागले. पुढच्या तीन वळणांवर ते कुठंच थांबले नाहीत. वाट विचारावी लागली नाही, की पाटी वाचावी लागली नाही. मनानं नव्हे, पायांनीच नेलं त्यांना.

ती बिअर गाळणाऱ्यांची जुनी जागा होती. इथं ब्रुअरीतच लोक जेवायला बसतात. लांब टेबलं, घासून पांढरी पडलेली, पिंपांचा वास, आणि एवढा गोंगाट की एकमेकांशी बोलायचं तर वाकावं लागावं. निळा एप्रन बांधलेले, पोट सुटलेले वेटर कडीच्या गोल तबकात अरुंद उभे ग्लास घेऊन फिरत होते.

आम्ही कोपऱ्यात बसलो. एक म्हातारा वेटर लांबून आम्हाला बघून हसला, हात वर केला आणि मागच्या बाजूला गेला. परत आला तो हातात लाकडी खुर्ची घेऊन. उंच पायांची, लहानशी, पुढं आडवी पट्टी असलेली. लहान मुलाची. काही न विचारता, तोंडानं शीळ घालत, त्यानं ती पद्माकरांच्या डाव्या हाताला टेबलाशी नीट सरकवून ठेवली. फडक्यानं तिची पट्टी पुसली. मग वर बघितलं.

आधी माझ्याकडे बघितलं. साडी, कुंकू, भिजलेले केस. मग पद्माकरांकडे.

पद्माकर घाईघाईनं काहीतरी म्हणाले. वेटरची शीळ थांबली. त्यानं खुर्ची उचलली आणि छातीशी धरून घेऊन गेला.

"चुकला तो," पद्माकर म्हणाले. "भलत्याच टेबलावर आणली."

मी भिजलेल्या पदराचं टोक पिळलं.

"पाणी घेशील ना? पाणी सांगतो." वेटर परत आला, तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. म्हाताऱ्यानं डोळे वटारून काहीतरी उत्तर दिलं आणि शेजारच्या टेबलावरची माणसं खो-खो हसली.

"काय म्हणाला?"

"काही नाही गं, यांची चेष्टा करायची पद्धत असते. म्हणाला, पाणी कशाला, आंघोळ करायचीय का? साबण-टॉवेलपण आणू?" ते हसले. एकटेच हसले.

पाणी आलंच नाही. वेटरनं आमच्या दोघांच्या समोर पुठ्ठ्याची एकेक गोल चकती टाकली आणि तिच्यावर एकेक ग्लास ठेवला. फेसाळलेला, पिवळा. मी तो उचलला आणि प्याले.

"अगं, अगं, बिअर आहे ती!"

"कळलं."

कडू किराइताच्या काढ्याइतकी कडू नव्हती. ग्लास लहानच होता. समोर आलंय ते संपवायचं, त्याप्रमाणे संपवला. खाली ठेवतेय तोच वेटरनं रिकामा उचलून भरलेला ठेवला.

"तुमच्या डाव्या हाताला ठेवली त्यानं खुर्ची," मी म्हटलं.

पद्माकर टेबलावरच्या एका चिरेत नख फिरवत होते.

"भरवताना सोपं जात असेल."

"कुमुद..."

"किती मोठं आहे?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी गाणं सुरू केलं होतं.

"सव्वा वर्षाचा," ते म्हणाले. "मुलगा आहे."

"आणि ती?"

"गिझेला. शाळेत शिकवते. वाईट नाही गं ती. तू येणार हे कळलं तेव्हा रडली. मला म्हणाली, त्या बाईला इथं नीट जेवायला तरी मिळू दे. चार ठिकाणी फिरून विचारून आली. बिनअंड्याचं कुठं करून देतात, मांसाचं भांडं वेगळं कुठं ठेवतात. त्या बटाट्यावाल्या बाईशी तीच आधी बोलून आली होती."

"तुर्की आमटी?"

"तिच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांची खानावळ."

पुढचं विचारू नये असं मला वाटत होतं. तरी विचारलं.

"आणि काकवी?"

"हो," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं तिला मागं कधी तरी, की आमच्याकडे अशी असते. तिनंच शोधून काढली ती जागा. आम्ही जातो तिथं कधी कधी, त्याला फार आवडते. सगळं तोंड माखून घेतो."

रुमालाचं ओलं टोक बोटावर गुंडाळलेलं मला दिसलं. हलक्या हातानं, दोनदा. मग कोरडं टोक.

दुसरा ग्लासही मी संपवला. वेटरनं तिसरा ठेवला आणि चकतीच्या कडेला पेन्सिलनं रेघ मारली. आता त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. माझ्याकडे न बघता ठेवायचा आणि जायचा. पाव आणि चीज आलं होतं, कांद्याच्या चकत्या, मोहरीची चटणी. मी एकेक तुकडा तोंडात घालत होते. माझे हात टेबलावर दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे दिसत होते.

पद्माकर आता बोलायला लागले होते. इतके दिवस न सुटलेलं तोंड सुटलं होतं.

"मी विचार करून ठेवलाय सगळा. अप्पांना हे कळलं तर त्यांना सोसणार नाही. आईला तर नाहीच. तू तिथं जाऊन सांग, कंत्राट वाढलंय, आणखी तीन वर्षं सुटता येत नाही. पुढचं पुढं बघू. मी दिवाळीला येत जाईन. दरवर्षी नाही जमलं तरी एकाआड. घर तुझंच आहे. कुणी तुला ऊठ म्हणणार नाही. तू त्यांच्याजवळ आहेस, म्हणून तर मी इथं निर्धास्त राहू शकतो. तुला काही कमी पडू देणार नाही. आणि तुलाही... म्हणजे सौभाग्य वगैरे, सगळं आहे तसंच राहील. लोकांना काही कळायचं कारण नाही. कुणाचंच काही बिघडत नाही यात. खरं की नाही?"

तिसरा संपला. चौथा आला. डोकं हलकं होईल असं वाटलं होतं, तेही झालं नाही.

"लाडू संपले," ते मध्येच म्हणाले, आवाज मऊ करून. "गिझेलाला फार आवडले. अशक्तपणा आला होता तिला, अजून पुरता गेलेला नाही."

डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात. पद्माकरांना ते ठाऊक नसावं. सासूबाईंनी रात्री बसून खारीक कुटली होती.

"त्याचं नाव काय?" मी विचारलं.

"मार्टिन." ते थांबले. मग मान वर करून, जणू माझ्यासाठी काहीतरी राखून ठेवलं होतं ते आता देत असल्यासारखे म्हणाले, "मार्टिन नारायण. अप्पांचं नाव ठेवलंय."

चौथा ग्लास माझ्या हातात होता. तो मी प्याले. वेटर पाचवा घेऊन निघालेला मला दिसला.

"अगं, किती पिशील?" पद्माकर कुजबुजले. "सवय नाही तुला. नको असेल तर ती चकती ग्लासावर ठेव. ठेवल्याशिवाय तो थांबत नाही. आणतच राहतो. तोंडानं नको म्हणून इथं भागत नाही."

मिरजेला पंगत बसली, की वाढणारी मी. वाकून वाकून आग्रह करायचा, आणि नको असलेला माणूस पानावर हात आडवा धरायचा. कुणी तसा हात धरला, तरी बोटांच्या फटीतून भात सोडायचा, अशी गंमत होती आमच्याकडे. सासूबाई त्यात तरबेज. मला मात्र कधी हात आडवा धरायची वेळच आली नव्हती. मी शेवटी बसायची, उरलेलं घ्यायची.

मी चकती उचलली आणि रिकाम्या ग्लासावर ठेवली.

वेटर अर्ध्या वाटेत थांबला. मान वाकवली, खूप खाली वाकवली, आणि तबक घेऊन दुसरीकडे गेला.

पद्माकरांनी मोठा श्वास सोडला. "शहाणी आहेस," ते म्हणाले. "मला माहीत होतं, तू समजून घेशील."

त्यांना काय वाटलं, ते मी तेव्हाही दुरुस्त केलं नाही.

परवा माझ्या भाच्याची मुलगी आली होती. पुढच्या महिन्यात कोलनला शिकायला चाललीय. कुणी तरी तिला सांगितलं, की आजी तिथं जाऊन आलीय. "आजी, तिथं खायला काय चांगलं मिळतं गं?" मी तिला बटाट्याच्या धिरड्यांचं सांगितलं, स्टेशनमागच्या आमटीचं सांगितलं, नदीपलीकडच्या काकवीचं सांगितलं. पन्नास वर्षं झाली, त्या जागा आता असतील-नसतील. तिनं फोनवर टिपून घेतलं. जागा चांगल्याच होत्या. शोधणारीनं मनापासून शोधल्या होत्या.

तेव्हा मी परत आले, त्या दिवशी मिरजेला मामंजी मला घ्यायला स्टेशनवर आले होते. मी डब्यातून उतरले. त्यांनी माझ्या मागं दाराकडे बघितलं. माझ्यामागून एक म्हातारी उतरली, एक हमाल उतरला. मग गाडी सुटली तरी ते बघत होते. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसायला वेळ लागत असे.

"सामान?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

टांग्यात माझी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. कंत्राटाचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. विमानात, मुंबईला, गाडीत, मी ते मनात म्हणून पाहिलं होतं. सुटसुटीत वाक्य होतं. मी ते बोलले की माझं घर शाबूत होतं.

सासूबाईंनी माझं पान मामंजींच्या शेजारीच मांडलं. "प्रवासातून आलीस, आज तू बस. मी वाढते." त्या दिवसापर्यंत मामंजींच्या पंगतीला मी कधी बसले नव्हते. वरणभात, तूप, भोपळ्याची भाजी. सासूबाई मुलाबद्दल विचारायला धजत नव्हत्या. पातेलं हातात घेऊन त्यांनी दुसरंच विचारलं.

"काय काय खाल्लंस गं तिकडे? उपासमार तर नाही ना झाली?"

त्यांनी जे विचारलं, त्याचं मी उत्तर दिलं. बटाट्याची धिरडी सांगितली, वर सफरचंदाचा गर.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या.

केकचं दुकान सांगितलं. तुर्की माणसाची मसुराची आमटी सांगितली, त्याच्या आईच्या रीतीची. नदीपलीकडची काकवी सांगितली.

"काकवी? तिकडे?" मामंजींनी मान वर केली. जरा हसले. "त्याला लहानपणापासून आवडते. आणि मग?"

"शेवटच्या दिवशी एका जुन्या जागी गेलो. तिथला वेटर यांना ओळखत होता. आम्ही बसलो तसा तो लहान मुलाची उंच खुर्ची घेऊन आला आणि यांच्या डाव्या हाताला ठेवली."

सासूबाईंच्या हातातला डाव हलायचा थांबला.

"लहान मुलाची? कुणाच्या?"

मी भात कालवत होते. कालवून झाला होता, तरी कालवत होते.

मामंजींनी विचारलं नाही कुणाच्या. त्यांनी विचारलं, "नाव काय?"

"मार्टिन नारायण."

मामंजींचा हात पानातच होता, बोटांवरचा भात वाळत चालला. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि मला माहीत होतं, त्यांना तिथं काही दिसत नाही.

सासूबाईंना रडावं की बोलावं, कळत नव्हतं. हातात पातेलं होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांनी डाव भरला आणि माझ्या पानाकडे आणला. "घे गं थोडा. प्रवासातून आलीस..."

मी पानावर हात आडवा धरला.

त्यांनी ऐकलं नाही. डाव तसाच माझ्या बोटांवर आणला, दोन शितं बोटावर पडलीही.

"वाढू नकोस तिला," मामंजी म्हणाले. "ती पुरे म्हणतेय."